आठळ्या पैलवान

वैशाखात फणस फोडले की आमच्याकडे आठळ्या धुऊन पडवीत वाळत घालायच्या, आणि पावसाळ्यात त्या निखाऱ्यावर भाजायला काढल्या की कोणीतरी तात्यांचं नाव काढायचंच. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. ते पैलवान होते. हिंदकेसरी नव्हते, महाराष्ट्र केसरी नव्हते, तालुक्यातही त्यांचं मोठं नाव नव्हतं. या जत्रेतून त्या जत्रेत जायचं, कुठं पाच रुपयांची, कुठं पन्नासाची कुस्ती करायची, मिळेल तो नारळ, फेटा नाहीतर कळशी घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची, असे वीसेक वर्षं मातीत उतरलेले पैलवान. कोल्हापूरच्या तालमीत इतरांच्या ट्रंकेत बदाम असत आणि यांच्या पिशवीत भाजलेल्या आठळ्या. तिथं त्यांना 'आठळ्या' हेच नाव पडलं. आजीला ते मुळीच आवडायचं नाही. "आय-बापानं ठेवलेलं नाव हाय की माज्या दिराला," असं ती चुलीपुढूनच सुनवायची. पण तात्या स्वतः ते नाव मोठ्या खुशीनं सांगत.

आमचं गाव साखरप्याच्या अंगाला, आंबा घाटाच्या पायथ्याशी. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा रस्ता आमच्या डोक्यावरून घाट चढतो. या रस्त्यानं वर मीठ, सुकी मासळी आणि नारळ जायचे, खाली गूळ आणि मिरची यायची. कुस्ती मात्र खाली कधी फारशी उतरली नाही. रत्नागिरीचं नाव घेतलं की लोकांना हापूस आठवतो, थिबा राजाचा वाडा आठवतो, टिळकांचं जन्मघर आठवतं. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट आमचे गुरुजी दर एक ऑगस्टला सांगायचे. पण ती तब्येत त्यांनी कमावली पुण्यात. आमच्याकडं खाली जांभ्याचा कातळ, वर वीतभर लाल माती, आणि तीही खड्यांची, अंग सोलून काढणारी. त्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. घाटावरच्यासारखा कुस्तीचा उघडा हौदा आमच्याकडं खणला तर आषाढात त्यात बेडूक ओरडायचे. म्हणून आमची पोरं कबड्डी खेळली, शिमग्यात पालखी नाचवत आली, जाखडीत नाचली. पैलवान व्हायला आमच्या बाजूनं कोणी घाट चढलं असेल तर ते विरळाच.

तात्या का गेले याच्या घरात दोन गोष्टी आहेत. आजोबा सांगायचे की, संक्रांतीला मारळला मार्लेश्वराचं लग्न लागतं, साखरप्याची गिरिजादेवी नवरी म्हणून वाजतगाजत जाते, त्या जत्रेत तात्यांनी एक घाटी पैलवान पाहिला. कानाच्या पाळ्या मोडून गोळा झालेल्या, डोक्याला फेटा, आणि चिखलात रुतलेली गाडी त्यानं एकट्यानं चाकाला खांदा लावून वर काढली. त्या दिवसापासून पोरगा घरात राहिला तो नुसता देहानं. आजीचं म्हणणं वेगळं. तिच्या मते सासऱ्यांनी म्हशीवरून मारलं, म्हणून भावोजी रागानं निघून गेले. मला वाटतं दोन्ही खरं असावं. साल मात्र दोघंही एकच सांगत, चलेजावचं. म्हणजे १९४२. तेव्हा तात्यांना मिसरूड फुटलं होतं की नव्हतं, यावर मात्र एकमत कधी झालं नाही.

ते गेले मिठाच्या गाडीबरोबर. घाट चढताना बैलांना धाप लागते म्हणून माणसांनी उतरून चालायचं असतं, तात्या म्हणत, "मी कोल्हापूरपर्यंत चाललोच." आंबा, मलकापूर, बांबवडे असे मुक्काम करत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पंचगंगेच्या पुलावर पोचले. कोल्हापूरची त्यांची पहिली आठवण खासबागेची. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते, तेव्हा त्यांनी रोममधला तो प्राचीन गोल आखाडा पाहिला, आणि १९१२ साली आपल्या राजधानीत खासबाग मैदान उभं केलं. मधे हौदा आणि सगळीकडून चढत गेलेली बसायची जागा. शेवटच्या माणसालाही मल्लाची पाठ लागली की नाही हे दिसावं, अशी बांधणी. गामा पैलवानांचे भाऊ इमामबक्ष त्या मैदानात लढून गेलेले. तात्या तिथं पोचले तेव्हा शाहू महाराजांना जाऊन वीस वर्षं झाली होती, पण तालमीतले म्हातारे 'महाराज' म्हटलं की हात जोडत. मैदान रिकामं होतं म्हणे त्या दिवशी. तात्यांनी कठड्यावरून वाकून हौद्यातली माती चिमूटभर घेतली आणि कपाळाला लावली. हे ते सांगत तेव्हा आम्ही पोरं गप्प व्हायचो.

गंगावेशीकडच्या एका तालमीत वस्तादांनी विचारलं, "काय खातोस?" तात्या म्हणाले, "भात." सगळी तालीम हसली. घाटावरची समजूतच तशी, भाकरी खाणारा पैलवान, भात खाणारा भटजी नाहीतर कोकण्या. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी तात्यांचं मनगट धरून पाहिलं, खांद्याची हाडं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे. आधी माती खण." पहिले कित्येक महिने तात्यांनी कुस्ती केलीच नाही. पहाटे चारला उठून खोऱ्यानं हौदा खणायचा. ती माती म्हणजे नुसती माती नसते. चाळून चाळून मऊ केलेली लाल माती, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, काव, कापूर. ती रोज उलटीपालटी केली नाही तर बसते, कडक होते, आणि मग पडणाऱ्याचं हाड मोडतं. खणून झालं की जोर, बैठका, दोर चढणं. मग थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं, पाणी ओढायचं, चूल पेटवायची. संध्याकाळी थोरल्यांची लढत कडेला बसून पाहायची. मारुतीपुढं दिवा लावायचं कामही नव्या पोराकडंच.

खुराकाचा प्रश्न मोठा होता. पैलवानाला थंडाई लागते, बदाम, खसखस, बडीशेप, दूध, तूप. सधन शेतकऱ्याच्या पोराला घरून पोतं येतं. तात्यांना घरून काय येणार? आमच्याकडं तेव्हा पेज, कुळथाचं पिठलं आणि सुकटीची चटणी यांवर पावसाळा निघायचा. पण आजी नवीनच लग्न होऊन आलेली, तिला या दिराची माया फार. घाट चढणाऱ्या कोणाच्या तरी हातून ती पिशवी धाडायची. त्यात भाजलेल्या आठळ्या, थोडा काजूगर, नाचणीचं पीठ आणि गुळाची ढेप. गूळ कोल्हापुरातूनच आमच्याकडं आलेला असायचा आणि तो परत कोल्हापूरला जायचा, हे आजीच्या ध्यानात होतं, तरी ती धाडायचीच. म्हणायची, "घरचा म्हनून वेगळा लागतो."

आणि दूध. कोल्हापुरात गंगावेशीला म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या पुढ्यात धार काढून फेसाळ पेला हातात देतात. धारोष्ण दुधाचा तो कट्टा आजही आहे, तुम्ही कोल्हापूरला गेलात तर पहाटे किंवा संध्याकाळी जरूर जा. तात्यांकडं पेल्याचे पैसे नसत. मग ते एका गवळ्याच्या म्हशी पंचगंगेवर नेऊन धुवायचे, आणि त्याच्या बदल्यात दोन्ही वेळचं दूध. त्या गवळ्याची आठवण ते आईच्या आठवणीसारखी काढत. त्याच्या म्हशींची नावं शेवटपर्यंत त्यांच्या तोंडात होती. स्वतःच्या नातवंडांची नावं चुकत, म्हशींची नाही.

तात्या पहिली कुस्ती कुठं लढले ते मला नीट आठवत नाही. शिराळ्याकडच्या एका जत्रेत, असं आजोबा म्हणत. जत्रेचं मैदान ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुपारी ऊन कलतं झालं की हलगी आणि कैताळ वाजायला लागतं. आधी उघडी पोरं उतरतात, त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग दोन रुपये, पाच रुपये, दहा, अशी रक्कम चढत जाते. फेटे बांधलेले पंच जोड लावतात. दोन पोरं आणायची, खांद्याला खांदा लावून उंची पाहायची, दंड चाचपायचे, दोघांना हात मिळवायला लावायचे. जिंकलेला मल्ल प्रेक्षकांच्या कडेनं फेरी मारतो, लोक खुशीनं हातावर पैसे ठेवतात. सूर्य टेकायला आला की शेवटची मोठी कुस्ती, जिच्यासाठी माणसं चार-चार कोसांवरून आलेली असतात. घड्याळ नाही, गुण नाहीत. पाठ मातीला लागली की निकाल. नाही लागली आणि अंधार पडला तर बरोबरीत सोडवायची.

तात्यांची जागा या चढणीच्या मधोमध होती, आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. अंगानं ते फार थोराड नव्हते. पट काढण्यात हात चपळ होता, घिस्सा चांगला मारत. पण त्यांचं खरं कसब पाठ वाचवण्यात होतं. आपल्याहून वीस-पंचवीस पौंड वजनदार माणसाखाली ते अर्धा-अर्धा तास तग धरत. मान टेकवून, कोपर आत घेऊन, समोरच्याचा दम संपेपर्यंत. अशा माणसाची मैदानाला फार गरज असते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एखाद्या वस्तादाचा पट्ठा वर येतोय, त्याची ताकद पाहायची आहे, तर त्याच्यासमोर कोण उभा करायचा? लगेच पडणारा चालत नाही, लोक ओरडतात. त्याला पाडील असाही नको, पोराचं मन मोडतं. तिथं तात्या. "त्याला आठळ्यासंगं धरून बघा," असं वस्ताद एकमेकांना सांगत म्हणे. पुढं मोठे झालेले किती पैलवान आधी तात्यांच्या अंगावर घासून निघाले असतील! तात्या नावं घेत, पण त्यांतली काही फार मोठी आहेत आणि मी ती इथं लिहिणार नाही. घरात सांगायची गोष्ट घरातच बरी.

दसऱ्यानंतर मोसम सुरू होई. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, मग पौष-माघातल्या गावजत्रा, चैत्रात जोतिबाच्या आसपासची मैदानं. मधे शिमग्याला मात्र तात्या कुठंही असले तरी घाट उतरून येत. पालखीला खांदा दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पाऊस लागला की मैदानं बंद, तेव्हा लावणीला घरी. गुडघाभर चिखलात वाकून दोन महिने भात लावलं की कमावलेलं अंग उतरायचं आणि दसऱ्यापर्यंत ते परत कमवायचं. घाटावरचे पैलवान आषाढ-श्रावणात तालमीत मेहनत करत असायचे तेव्हा आमचा पैलवान चिखलात रोपं लावत असायचा. हे गणित त्यांना माहीत होतं. तरी आजोबांना एकट्याला शेत झेपणार नाही म्हणून एकही लावणी त्यांनी चुकवली नाही, असं आजी शपथेवर सांगायची.

आमच्या घरात अजून एक पितळी कळशी आहे. ती इनामाची. पुसेगावची की शिराळ्याची, यावरून आजोबा आणि आजीचा वाद त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालला. आजीनं त्या कळशीनं विहिरीचं पाणी भरलं, कळशीच्या पोटाला पोचे पडले, पण मोडीत घालू दिली नाही.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. वर्तमानपत्रात ती एका दिवसाची बातमी झाली. तालमींना मात्र तिची झळ पुढं कैक वर्षं लागली. दरबारचा आश्रय गेला. नंतर साखर कारखान्यांनी ती जागा पुष्कळ भरून काढली, मल्लांना मानधन दिलं, मैदानं भरवली, आणि त्याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण ते दिवस यायला अवकाश होता, आणि मानधन मिळालं तेही वरच्या मल्लांना. मधल्या पैलवानांनी काय करायचं? कोणी पोलिसात गेले, कोणी हमाली धरली. तात्यांनी कोकणी माणसाची नेहमीची वाट धरली, बोटीत बसले आणि मुंबईला गेले.

तिथं गिरणगावात आमच्या गावकीची खोली होती. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. ट्रंका भिंतीला, वळकट्या ट्रंकांवर. खानावळवाल्या मावशी मोजून चपात्या वाढायच्या. पैलवानाची भूक आणि खानावळीचा मासिक हिशोब यांची सांगड बसेना, तेव्हा त्या मावशींनीच तोड काढली. तात्यांनी रोज सकाळी त्यांचं दळण आणि लाकडं आणून द्यायची, आणि जेवताना मोजायचं नाही. तात्यांचं सगळं आयुष्य मला अशा माणसांनी तोलून धरलेलं दिसतं. एक गवळी, एक भावजय, एक खानावळवाली. आश्रयदाते म्हणून इतिहासात राजे आणि कारखाने येतात, ते यायलाच हवेत. पण छोट्या पैलवानाचा दरबार हाच होता.

गिरणीत रात्रपाळी, सकाळी तालीम, रविवारी कुठं दंगल असेल तर तिथं. मुंबईत तेव्हा फ्री-स्टाइलचा जोर होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग, किंगकाँग यांच्या कुस्त्यांना माणसं लोटायची. त्यातच हमीदाबानूचं नाव गाजत होतं. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्यात तिनं बाबा पैलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केलं, त्याच साली मुंबईत वेरा चिस्तिलिन या रशियन बाईला एक मिनिटही टिकू दिलं नाही. जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असं तिनं जाहीर केलेलं. आमची धाकटी आजी, म्हणजे तात्यांची बायको, गावात बसून हमीदाबानूच्या बातम्या मागवायची. ती काय खाते, किती दूध पिते, नवऱ्यानं पाहिलीय का. पेपरात हमीदाबानूचा खुराक छापून यायचा. तो तात्यांनी पत्रात उतरून पाठवला आणि पोस्टमननं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला, तेव्हा सगळी वाडी जमली होती. वाचून झाल्यावर धाकटी आजी म्हणाली, "बाईला येवडं कोन वाढीत आसंल?" तिच्या त्या प्रश्नात काय काय होतं, ते मला आता कळतं.

दारासिंगच्या कुस्तीच्या आधी वरळीला तात्यांची एक कुस्ती झाली होती, अशी आमच्या घरातली कथा आहे. दारासिंगनं पाठीवर हात ठेवून "शाबास" म्हटलं, असा तिचा शेवट. वडील म्हणतात कुस्ती झालीच नाही, तात्या तिथं मैदानाच्या बंदोबस्ताला उभे होते. आत्या म्हणते कुस्ती झाली, पण ती दारासिंगच्या नव्हे, दुसऱ्याच कोणाच्या दिवशी. तात्यांना विचारलं तर ते नुसते मान हलवायचे. २९ मे १९६८ ला मुंबईत दारासिंगनं लू थेझला हरवलं, तेव्हा तात्या प्रेक्षकांत होते, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. तोवर त्यांनी स्वतःचा लंगोट खुंटीला टांगला होता.

एक गोष्ट ते कोणाला सांगत नसत. ती मला आजोबांकडून कळली, आणि आजोबांनीही ती माझं लग्न झाल्यावर सांगितली. माझ्या सख्ख्या आत्याचं लग्न ठरलेलं, घरात दमडी नाही. एका लहान शहरातल्या दंगलीच्या ठेकेदारानं तात्यांना बोलावलं आणि सांगितलं, दहाव्या मिनिटाला पडायचं, पैसे आधीच घे. नुरा कुस्ती. तात्यांनी पैसे घेतले. कुस्ती लागली, आणि दहावं मिनिट गेलं, पंधरावं गेलं, तात्यांची पाठ लागेना. समोरचा पोरगा रडकुंडीला आला. आजोबा म्हणाले, "त्याला पडायचंच होतं रे, पण अंगाला सवय नव्हती." शेवटी कसे पडले कोण जाणे, पण पडले. लग्न पार पडलं. त्यानंतर त्यांनी वर्षभर मातीला पाय लावला नाही आणि शनिवारी मारुतीच्या देवळात गेले तरी बाहेरूनच हात जोडत. मी त्यांना यात कुठंही उणं मानत नाही. पुतणीसाठी ज्यानं आयुष्यभराची पाठ टेकवली, त्याला मी तरी हरलेला म्हणणार नाही.

खाशाबा जाधवांचा विषय निघाला की मात्र तात्यांचा आवाज चढे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ पदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथं जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर? पोलिसात नोकरी, १९८४ साली अपघातात मृत्यू, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. तात्या हयात असताना तोही मिळालेला नव्हता. ते म्हणत, "ऑलिंपिकवाल्याची ही गत, तर आमचं काय विचारता?" हे ते कडवटपणानं म्हणत नसत. खाशाबांसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, स्वतःसाठी कधी आलेलं मी पाहिलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तात्यांची नोकरी तशीही संपतच आली होती. ते ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. माझ्या आठवणीतले तात्या हे. गुडघे गेलेले, मोडक्या कानांनी कमी ऐकू येणारं, पण ताठ. आणि भूक तीच. खुराक बंद झाला तरी पैलवानाचं पोट तो विसरत नाही, हे दुःख ज्या घरात जुना पैलवान आहे त्या घरालाच ठाऊक. धाकटी आजी पेजेचं मोठं पातेलं ठेवायची आणि स्वतः जेवले असं खोटं सांगायची. तात्यांना ते कळायचं, मग तेही पोट भरल्याचं खोटं सांगायचे. दोघं मिळून एकमेकांसाठी उपाशी राहायची आणि आम्हा पोरांच्या वाटणीला ती पेज यायची, वर लोणच्याची फोड.

त्यांनी गावात हौदा केला. खळ्याच्या कडेला कातळ टाळून जागा शोधली. आमची खड्यांची माती चालेना म्हणून वारुळांची माती घमेल्यानं आणली, मच्छरदाणीच्या कापडातून चाळली. वर गवताचं छप्पर, भोवती चर. पहिल्याच पावसात छप्पर गळलं, माती लगदा झाली. दुसऱ्या वर्षी परत केलं. आम्ही सात-आठ पोरं त्यात उतरायचो. तात्या काठावर बसून काठीनं आमचे पाय सरळ करायचे, "मान देऊ नको, मान गेली की माणूस गेला." पण सुट्टी संपली की आम्ही रत्नागिरीला शाळेत, आणि गावातली पोरं दहावी झाली की मुंबईला. हौद्यात पुढं आजीनं हळद लावली. माती इतकी चाळलेली, की हळद फार चांगली आली.

१९८७-८८ च्या रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा तात्या काही दिवस आमच्याकडं रत्नागिरीत होते. पडद्यावर मुंग्या फार, शेजारच्यांच्या घरी सगळी आळी बसलेली. दारासिंग हनुमान होऊन आला की बायका हात जोडायच्या. तात्याही जोडायचे, पण त्यांचं पाहणं वेगळं. एकदा मला जवळ ओढून म्हणाले, "खांदा बघ त्याचा. साठीला आला तरी मेहनत सोडली नाय गड्यानं."

तात्या गेले ते १९९८ साली, कोकण रेल्वे सुरू झाली त्या उन्हाळ्यात. ट्रंकेत एक लंगोट, वस्तादांचा धूसर फोटो आणि जत्रांच्या काही हस्तपत्रिका निघाल्या. पिवळा, गुलाबी पातळ कागद, घड्यांवर फाटलेला. मी त्या सगळ्या वाचल्या. वर देवाचं नाव, यात्रेची तिथी, मग मोठ्या अक्षरात एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची, मल्लांची नावं, तालमी, इनाम. तात्यांचं नाव कशावरच नव्हतं. मग त्यांनी या जपून का ठेवल्या, याचा मी पुष्कळ विचार केला. प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, इतर लहान-मोठ्या कुस्त्या होतील, अशा अर्थाची. त्या ओळीत ते होते. त्यांची सगळी वीस वर्षं त्या ओळीत होती.

आजही घाटावरच्या जत्रांची पत्रकं माझ्याकडं मोबाइलवर येतात. रंगीत असतात, मल्लांचे फोटो असतात, आणि तळाशी ती ओळ अजून तशीच असते. यात्रा कमिट्यांच्या मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे. जोड आधी ठरत नाही, मैदानातच लागते, म्हणून नावं छापता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मैदान संपल्यावर तरी एक यादी करा. रेवड्यांच्या पोरापासून पन्नासाच्या, पाचशेच्या कुस्तीपर्यंत जो जो उतरला त्याचं नाव, गाव आणि वस्तादाचं नाव लिहा, आणि दुसऱ्या दिवशी देवळाच्या भिंतीवर लावा. हरलेल्याचंही लिहा. पंचाजवळ एक वही आणि एक लिहिणारा पोरगा बसवला की काम झालं. त्याच्या जेवणाचा खर्च मी देईन.